फणसाच्या फळीचे उलटे रेषे

परसातला फणस वादळात पडला, त्याच्या फळ्या दोन वर्षं पडवीत वाळत होत्या. त्यातल्या एकीचा पाट करायला घेतला. माझं सुतारकाम हौसेपुरतं. तरी पहिले चार हात रंधा असा सुरेख चालला, की पिवळ्याधमक सालींची भेंडोळी पायाशी पडायला लागली. मग मधेच कर्रकन आवाज आला, रंधा अडखळला आणि नखाएवढी ढलपी उडाली. मी जोर वाढवला. दुसरी ढलपी, त्याहून मोठी.

शेजारचे सुतारकाका गडग्यावरून बघत होते. म्हणाले, "वरून काय बघतोस? कडेनं बघ." फळी उभी धरून त्यांनी कडेवरच्या बारीक रेषांवर पेन्सिल फिरवली. रेषा तिरप्या होत्या, माझ्याकडच्या टोकाला वर चढत होत्या. "भाताच्या लोंबीवर देठाकडून शेंड्याकडे हात फिरव, गुळगुळीत लागेल. उलटा फिरवलास की कुसळं टोचणार."

म्हणजे रेषा ज्या टोकाकडे वर चढतात, तिकडे रंधा ढकलायचा. उलट गेलं की हे रेषे, म्हणजे लाकडाचे तंतू, पात्यापुढे खाली उतरत जातात आणि चीर लाकडाच्या पोटात शिरते. पाटाला खराब बाजू नको म्हणून फळी पालथी घातली, तर काकांनी कडेवर बाण काढून दिला: दुसऱ्या अंगाला दिशाही उलटी!

बाणाप्रमाणे रंधलं आणि तरीही एक पट्टा ओरबाडलाच. मला वाटलं, बाणच चुकला. पण फणसात रेषे एकमेकांत अडकलेले असतात, एक पट्टा इकडे कललेला तर शेजारचा तिकडे. तिथे दिशा वाचून भागत नाही. मग पातं काढून अर्धा तास दगडावर घासलं, पात्याच्या पाठीवरची, साल लगेच मोडणारी पत्ती धारेच्या अगदी जवळ आणून आवळली आणि पातं केसभर बाहेर ठेवलं. साली इतक्या पातळ निघाल्या की पलीकडचं दिसत होतं. उरलेली खरखर काकांनी फुटक्या काचेच्या कडेनं खरवडून काढली. रंध्यापेक्षा काचेनंच आलेली झिलई जास्त चांगली, हे तेव्हा मनाला थोडं लागलंच.

पहिल्या दिवशीचे खड्डे खालच्या अंगाला राहिले. एक आडपट्टीखाली झाकला गेला, दुसरा खड्डा पाट उचलताना अजून बोटाला लागतो.