मरण मागणारा आवाज कोणाचा?

अरुणा शानबाग प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी दिला. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात परिचारिका असलेल्या अरुणाताईंवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका वॉर्डबॉयने हल्ला केला, गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या त्या कायमच्याच. त्यांना जबरदस्तीने अन्न देणे थांबवावे, अशी विनंती पत्रकार पिंकी विराणी यांनी न्यायालयाला केली होती. उलट, इतकी वर्षे त्यांचे खाणे-पिणे, न्हाणे-धुणे आपल्या घरचे माणूस असल्यासारखे करणाऱ्या के.ई.एम.च्या परिचारिकांनी त्या विनंतीला ठाम विरोध केला. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार विराणी यांचा नसून रुग्णालयातील या मंडळींचा आहे, असे न्यायालयाने ठरवले आणि विनंती फेटाळली; पण त्याच निकालात, उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार काढून घेता येतील, अशी वाटही प्रथमच खुली करून दिली. पुढे १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाताई गेल्या.

हा निकाल मी वाचतो तेव्हा माझे लक्ष नेहमी एकाच ठिकाणी अडते. दोन्ही बाजूंना अरुणाताईंविषयी माया होती, यात मला शंका नाही. पण त्यांना स्वतःला काय हवे असते, हे दोघींपैकी कोणालाही माहीत नव्हते आणि माहीत असणे शक्यही नव्हते, कारण लग्न ठरलेल्या पंचविशीतल्या मुलीला कोणी असा प्रश्न विचारत नाही. मरणाच्या हक्काविषयी आपण जे काही बोलतो ते शेवटी या एका प्रश्नाशी येऊन थांबते: मरण मागणारा आवाज खरोखर त्या माणसाचा आहे की दुसऱ्या कोणाचा?

आपल्याकडे या हक्काची न्यायालयीन कहाणी अरुणाताईंच्या खटल्याच्या बरीच आधी, आणि तीही मुंबईतच, सुरू झाली. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. बोलण्याच्या स्वातंत्र्यात जसे न बोलण्याचे स्वातंत्र्य येते, तसे जगण्याच्या हक्कात न जगण्याचाही हक्क येतो, असा तो युक्तिवाद होता. युक्तिवाद म्हणून तो देखणा आहे. पण खटला कोणाचा होता, हे फार थोड्यांना आठवते. तो होता मुंबई पोलिसांतील एका शिपायाचा. अपघातात डोक्याला मार लागून त्याला मानसिक आजार जडला होता आणि त्याच्या बायकोला भाजीच्या गाडीसाठी महापालिकेचा परवाना हवा होता. त्या परवान्यासाठी खेटे घालून, दाद लागत नाही म्हणून, त्याने आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर जीव देण्याचा प्रयत्न केला होता. त्याला तुरुंगात घालू नये, हे न्यायालयाचे म्हणणे शंभर टक्के योग्यच होते. मात्र या माणसाला हवे होते ते उपचार आणि परवाना, आणि त्याच्या नावावर जमा झाला तो मरणाचा हक्क. विदर्भ-मराठवाड्यातल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या घरांसमोर उभे राहून ‘हा त्यांचा हक्क होता’ असे म्हणण्याची आपली जीभ रेटणार नाही. तीच जीभ आजारी आणि वृद्धांविषयी बोलताना मात्र सहज सैल सुटते, याचे मला भय वाटते.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ग्यान कौर खटल्यात ही दिशा बदलली. जगण्याच्या हक्कात मरणाचा हक्क येत नाही, परंतु मृत्यू जवळ आलाच असेल तर तो सन्मानाने यावा हे त्या हक्कात बसते, असे त्यांनी म्हटले. ९ मार्च २०१८ रोजी, ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर, याच सूत्रातून आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता मिळाली. आजची स्थिती अशी आहे की आत्महत्येचा प्रयत्न हा २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सरसकट गुन्हा राहिलेला नाही. व्हेंटिलेटर नाकारता येतो, लावलेला काढायला सांगता येतो. पण डॉक्टरने किंवा नातेवाइकाने मरणासाठी साधन पुरवले तर तो आत्महत्येस साहाय्य केल्याचा गुन्हा ठरतो आणि त्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हे सगळे कागदावर झाले. रुग्णालयाच्या बिल काउंटरपाशी काय घडते ते वेगळे आहे. अतिदक्षता विभागात रुग्ण असतो, दागिने मोडून झालेले असतात, सोसायटीचे कर्ज काढून झालेले असते आणि मग एके दिवशी घरातला कर्ता माणूस एका फॉर्मवर सही करतो: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, आमच्या जबाबदारीवर रुग्णाला घरी नेत आहोत. रुग्णालयाच्या बोलीत याला ‘डामा’ म्हणतात. ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन असतो, गावात पोहोचेपर्यंत तो पुरला तर पुरतो. उपचार थांबवण्याचा निर्णय या देशात रोज होतो, पण तो रुग्णाच्या इच्छेने नव्हे, तर पैसे संपल्याने. आणि पैसे संपत नाहीत तिथे नेमके उलटे होते: रुग्णाने हजारदा ‘पुरे’ म्हटले तरी उपचार थांबत नाहीत.

माझ्या आत्याच्या बाबतीत हे दुसरे झाले. ऐंशी ओलांडलेली, दोन वेळा पक्षाघाताचा झटका येऊन गेलेली, पण बुद्धीने लख्ख. तिने एके दिवशी जेवण बाजूला सारले आणि ‘आता मला नको, मला त्रास देऊ नका’ असे आम्हा सर्वांदेखत सांगितले. रुग्णालयात तिच्या नाकातून नळी घातली गेली. ती नळी ती ओढून काढायची, म्हणून दोन्ही मनगटे बँडेजच्या पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधली. पट्टीखाली कापूस ठेवला होता, तरी मनगटाची साल निघाली होती. कोणी क्रूर नव्हते. डॉक्टरांना कायद्याची भीती होती, माझ्या आतेभावाला ‘आईला उपाशी मारली’ हे बोलणे ऐकायचे नव्हते, आणि आम्ही बाकीचे गप्प बसलो होतो. तिची शुद्ध शाबूत होती, तिचे वाक्य स्पष्ट होते आणि तरीही त्या खोलीत तिच्या बोलण्याला कोणाच्याही सहीइतकी किंमत नव्हती.

आता याच्या शेजारी एक दुसरे दृश्य ठेवावेसे वाटते. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात हृदयविकाराचा झटका आल्यानंतर विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारले आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, सत्याऐंशीव्या वर्षी देह ठेवला. त्याआधी फेब्रुवारी १९६६ मध्ये सावरकरांनी औषध व अन्न सोडले आणि २६ तारखेला त्यांचा अंत झाला. आत्महत्या आणि आत्मार्पण यांतला भेद त्यांनी आधी लेख लिहून मांडून ठेवला होता. दोघांच्या विचारांत जमीन-अस्मानाचे अंतर, पण शेवट एकाच मार्गाने केला. त्यांच्या नाकात कोणी नळी घातली नाही. महाराष्ट्राने त्या दोन्ही मरणांपुढे मान लववली. मग माझ्या आत्याचा नकार तेवढा ‘हट्ट’ का ठरला? माणूस मोठा असला की त्याचा निश्चय प्रायोपवेशन, म्हणजे अन्नपाणी सोडून स्वीकारलेले मरण, होतो आणि म्हातारी साधी असली की तो तिचा भ्रम होतो, हा न्याय मला मान्य नाही.

प्रायोपवेशनाच्या परंपरेत दुसरीही एक गोष्ट आहे आणि ती साहाय्यित मृत्यूच्या कायद्यांपासून तिला वेगळी करते. तिथे दुसऱ्याच्या हाताने काही घडत नाही आणि दर सकाळी माघारी फिरण्याची मोकळीक असते. निश्चय रोज नव्याने करावा लागतो. जैन संलेखनेलाही, म्हणजे मरणापर्यंत उपवास करण्याच्या व्रतालाही, हेच लागू आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने तिला आत्महत्या ठरवले आणि त्याच महिनाअखेर सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. साहाय्यित मृत्यूत मात्र दुसरा माणूस आणि त्याच्यामागे उभी असलेली संस्था सामील होते, आणि मग संस्थेचे स्वतःचे सोयी-गैरसोयीचे हिशेबही त्या खोलीत येतात.

परदेशात हे कायदे झाले आहेत. अमेरिकेतील ओरेगन राज्यात १९९७ पासून, सहा महिन्यांहून कमी आयुष्य उरलेल्या रुग्णाला डॉक्टर औषध लिहून देऊ शकतो. नेदरलँड्समध्ये २००२ पासून असह्य आणि सुधारण्याची आशा नसलेले दुःख ही कसोटी आहे. कॅनडाने २०१६ मध्ये कायदा केला आणि २०२१ मध्ये, मृत्यू जवळ आलेला नसलेल्यांनाही त्यात घेतले. या शेवटच्या बदलाला तिथल्या अपंगांच्या संघटनांनीच विरोध केला. मदतनीस आणि राहायला योग्य घर मिळत नसताना मरण मात्र मिळते, हा त्यांचा आक्षेप होता आणि त्याला मला समाधानकारक उत्तर सापडलेले नाही.

आपल्याकडे तर हा आक्षेप कितीतरी पटींनी जड होतो. ‘चालता-बोलता ने रे बाबा’, ‘कोणाच्या हातात पडायला नको’ ही वाक्ये आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडतात. ती म्हणणाऱ्या बायकांनी आयुष्यभर सासू-सासऱ्यांचे, नवऱ्याचे हागणे-मुतणे काढलेले असते, आणि स्वतःची पाळी आली की सुनेला, लेकीला तेच करावे लागणार या विचाराने त्या मेल्याहून मेल्यासारख्या होतात. अशी बाई मरण मागते तेव्हा तिचे शरीर बोलत असते, की सुनेच्या चेहऱ्यावरची आठी, की नातवाच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे? बहुधा सगळेच एकदम. ती खोटे बोलत नसते. पण रात्री बसायला एक बाई, दुखणे थांबवणारे औषध आणि ‘आई, तू हवी आहेस’ हे ऐकू येण्याची सोय नसताना तिच्या मागणीला केवळ तिची निवड म्हणून पुढे मंजुरीला पाठवणे, हे मला तिच्या स्वातंत्र्याचा आदर वाटत नाही.

वेदनेचे तर उघडच आहे. मॉर्फिन ज्या अफूपासून होते ती या देशात सरकारी परवान्याने पिकते. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांची अशी गुंतागुंत केली की कॅन्सरच्या रुग्णाला ते मिळणे मुश्कील झाले. २०१४ मध्ये कायदा सुधारला, तरी भीती अजून पुरती गेलेली नाही. वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याचे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून अशा रुग्णांच्या वेदना शमवण्याचे काम करत आहेत आणि तिथे गेलेली माणसे सांगतात की वेदना आटोक्यात आल्या की मरणाची मागणी पुष्कळदा मागे पडते. पुष्कळदा, नेहमी नव्हे. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या आडगावातील रुग्णाला ती निवडच उपलब्ध नसेल, तर त्याच्यासमोर मरणाची निवड आधी ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

इथवर लिहिलेल्याला सर्वांत जोरदार उत्तर मला माहीत आहे आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मोटर न्यूरॉनच्या आजारात हात, पाय, गिळणे, बोलणे एकेक करून जाते आणि मन बहुतेकदा शेवटपर्यंत जागे राहते. घरात पैसा आहे, माया आहे, सेवा आहे, वेदनाशामक आहे, तरीही असा माणूस शांतपणे म्हणतो की याच्या पुढचा टप्पा मला नको. व्हेंटिलेटर लागलेला असता तर तो काढायला सांगण्याचा त्याला हक्क असता. लागलेला नाही म्हणून नाही. हा भेद यंत्राच्या जागेवर उभा आहे, माणसाच्या इच्छेवर नाही, आणि नीतीच्या दृष्टीने तो लटपटतो. त्या माणसाला ‘तुझी मागणी चुकीची आहे’ असे मी म्हणू शकत नाही. मी एवढेच म्हणू शकतो की त्याच्यासाठी उघडलेल्या दारातून त्याच्यासारखा एक जाईल तेव्हा, ज्यांना खरे तर जायचे नव्हते अशी किती माणसे ढकलली जातील, याचा अंदाज मला आपल्या रुग्णालयांकडे आणि घरांकडे पाहून येतो आणि म्हणून आज, इथे, मी तशा कायद्याच्या बाजूने मत देणार नाही. या मताची किंमत तो माणूस मोजतो, मी नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे.

जे आज हाती आहे ते तरी वापरावे, म्हणून मी माझे वैद्यकीय इच्छापत्र केले आहे. २०१८ ची पद्धत इतकी किचकट होती की दंडाधिकाऱ्यांच्या सहीअभावी कागद पुढे सरकत नसे; २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. वेळ आली की रुग्णालयाचे एक आणि त्यावर दुसरे, अशी डॉक्टरांची दोन मंडळे निर्णय तपासतात. कागद सांभाळायला स्थानिक संस्थेत अधिकारी हवा, हे कलम बराच काळ कागदावरच होते, मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यानंतर राज्यात असे अधिकारी नेमले गेले.

माझ्या कागदात मी लिहिले आहे की बरे होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटर नको, डायलिसिस नको, मी तोंडाने घ्यायचे नाकारले तर नाकातून नळी नको आणि हात बांधायचे नाहीत. वेदनाशामक मात्र लागेल तेवढे द्यावे. माझ्या वतीने बोलण्यासाठी बायकोचे आणि धाकट्या भावाचे नाव घातले आहे. मुलाचे घातले नाही, कारण रुग्णालयाचे बिल त्याला भरावे लागेल आणि त्या दोन गोष्टी एकाच माणसावर टाकायच्या नाहीत असे मी ठरवले. तो आधी दुखावला. मग त्या रविवारी आम्ही कागद पुढ्यात घेऊन बसलो आणि त्याने प्रत्येक ओळीवर ‘म्हणजे नेमके केव्हा?’ असे विचारले. तीन ओळी त्याच्या प्रश्नांमुळे बदलाव्या लागल्या.