सहा तासांत न्यूयॉर्क

एसटीत कंट्रोलर म्हणून अठ्ठावीस वर्षं काढली, त्यामुळे तिकीट हातात आलं की माझी नजर आधी वेळेवर जाते. 2024 च्या मे महिन्यात लेकीकडे निघालो, तेव्हा तिकिटावर होतं: मुंबई रात्री 1:30, न्यूयॉर्क त्याच दिवशी सकाळी 7:50. म्हणजे सहा तास वीस मिनिटं! आमची सातारा-मुंबई गाडी घाटात अडकली तर एवढा वेळ घेते. परतीचं बघितलं: न्यूयॉर्क सकाळी 11:30, मुंबई दुसऱ्या दिवशी सकाळी 11:20. तेवीस तास पन्नास मिनिटं.

ही म्हणाली, "अहो, येताना पायी आणतात का?"

दोन्ही वेळा आपापल्या गावच्या. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. जाताना ते मिळवा, येताना वजा करा: जायला 15 तास 50 मिनिटं, यायला 14 तास 20. हिशोब जुळला, पण दीड तासाचा फरक काही जाईना. विमानतळ तेच, अंतर तेच, सुमारे 12,500 किलोमीटर. (एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. दोन हजारांवर टप्पे झाले.)

उत्तर वर वाऱ्यात आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी. समोरच्या पडद्यावर वेग दिसतो, मी तोच बघत बसलो होतो. जाताना आकडा 850 च्या आसपास, येताना अटलांटिकवर हजारापार. खंबाटकीसारखंच म्हणा ना. आमच्या गाड्यांना साताऱ्याहून पुण्याला जाताना बोगदा असायचा, येताना घाट.

लेकीकडे नातीचा पृथ्वीगोल सापडला आणि माझी दुपार मार्गी लागली. भिंतीवरच्या नकाशात मुंबई-न्यूयॉर्क पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान आणि सहारावरून जाते. गोलावर दोरा ताणून धरला, तर तो आपोआप वर सरकला: मॉस्को, मग आइसलँडचं रेक्याविक, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, आणि कॅनडावरून खाली. नातीच्या फूटपट्टीवर दोरा 30 सेंटिमीटर भरला. सहारावरून नेला तर 34. त्या गोलावर चार सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ 1,700 किलोमीटरचा वळसा. नात म्हणाली, "आबा, नकाशा खोटं बोलतो?" म्हटलं, खोटं नाही गं, संत्र्याची साल पाटावर चेपून बसवली की ताणणारच.

आमचं विमान मात्र दोऱ्यावरून गेलंच नाही. काळ्या समुद्रावरून युरोपात शिरलं. कुठं युद्ध, कुठं आकाश बंद, आणि वाराही बघावा लागतो. रोजचा रस्ता वेगळा. आमच्या वेळी पूल वाहून गेला की मीही गाड्या अशाच फिरवायचो, फक्त प्रवासी माझ्या खिडकीशी येऊन भांडायचे.

परत आल्यावर लेकीचा फोन आला. "बाबा, किती तास लागले शेवटी?"

विमानाची वेळ फलाट सोडल्यापासून फलाटाला लागेपर्यंत धरतात, हे मला आता ठाऊक झालेलं. म्हणून आधी विचारून घेतलं, "चाक जमिनीवरून उचलल्यापासून सांगू, की फलाट सोडल्यापासून?"

तिनं फोन आईकडे द्यायला सांगितला.