लायपोप्रोटीन (ए) ची टेस्ट: एकदाच करायची होती, तीनदा सुई टोचली

दादाला दिवाळीनंतर अटॅक आला. वय ४४, सिगरेट नाही, शुगर नाही, दरवर्षी कंपनीच्या चेकअपमधे कोलेस्टेरॉल नॉर्मल. अँजिओप्लास्टी झाली, आता बरा आहे. डिस्चार्जच्या दिवशी कार्डिओलॉजिस्टनी त्याच्या रिपोर्टमधल्या एका आकड्याखाली पेनाने रेघ मारली, लायपोप्रोटीन (ए) ७१, आणि मला म्हणाले, हे आईवडिलांकडून येतं, तुम्हीपण एकदा करून घ्या, आयुष्यात एकदाच पुरते. मला त्या एकदासाठी पाच आठवडे लागले, अजून राग गेलेला नाही.

हे म्हणजे एलडीएलसारखाच, वाईट कोलेस्टेरॉलसारखाच कण, त्याला एक जास्तीचं प्रोटीन चिकटलेलं. डाएट, चालणं, कशानेच फारसं कमी होत नाही, आणि साध्या लिपिड प्रोफाइलमधे हा आकडा वेगळा येतच नाही. नवीन शोध म्हणावा तर तेही नाही, नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मधेच शोधलंय. भारतात साधारण चारातल्या एकाला वाढलेलं असतं. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या गाईडलाईनमधेपण एकदा तरी तपासा असं आहे. मग लॅबच्या काउंटरवर कोणाला माहीत का नसावं?

घराजवळच्या कलेक्शन सेंटरवर गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, ते लिपिडमधेच येतं." मी म्हटलं नाही येत, तर म्हणाली सगळे हेच करतात. मी ऐकलं, रक्त दिलं, रिपोर्ट आला तर अर्थात त्यात नाही. परत गेले, चिठ्ठी दाखवली, तिने कॉम्प्युटरवर शोधून "हां, सापडलं" म्हणून पैसे घेतले. तीन दिवसांनी रिपोर्ट आला, नाव वाचते तर अपोलायपोप्रोटीन ए-वन! ती वेगळीच टेस्ट, एचडीएलवरच्या, म्हणजे चांगल्या कोलेस्टेरॉलवरच्या प्रोटीनची, आणि तिचा आकडा जास्त असला तर उलट चांगलं. मला १४८ बघून आधी घामच फुटला होता, दादाचे ७१ आणि माझे १४८, रात्रभर झोप नाही. सकाळी फोन केला तर म्हणे "मॅडम, ए तर ए च आहे ना." नाही हो, कंसातला लहान ए वेगळा! बाबा ५१ व्या वर्षी गेले, आमच्या घरात हा ए म्हणजे टायपिंगची चूक नाहीये. पैसे परत मागितले तर मॅनेजर आठवडाभर आलेच नाहीत. शेवटी दुसऱ्या लॅबमधे गेले, तिथल्या टेक्निशियन काकांनी नुसतं "लिटल ए ना?" विचारलं आणि मला एकदम रडूच आलं.

उपाशी राहायची गरज नसते हे पण मला तिथेच कळलं, आधी दोनदा बारा बारा तास उपाशी गेले होते.

माझा आला १४२, पण युनिट नॅनोमोल, दादाचा मिलिग्रॅममधे. मी गुणाकार भागाकार करत बसले होते, डॉक्टर म्हणाले तसं करू नका, प्रत्येकाच्या कणाचा आकार वेगळा असतो, सरळ हिशोब बसत नाही. मिलिग्रॅममधे ५० च्या वर आणि नॅनोमोलमधे १२५ च्या वर म्हणजे जास्त, एवढं लक्षात ठेवा. म्हणजे माझंही जास्तच. स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीने, हे कमी होत नाही, पण एलडीएल आपल्या हातात आहे, ते खाली आणायचं म्हणून गोळी सुरू केलीये.

अजून एक, एचएस-सीआरपीपण, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी टेस्ट, सांगितली असेल तर सर्दी तापात अजिबात देऊ नका. मी सर्दीत दिली, ६ आली, तीन आठवड्यांनी परत केली तर १.१. या टेस्टना हलकं घेऊ नका पण, २०२४ मधे अमेरिकेतल्या जवळपास २८ हजार बायकांचा ३० वर्षांचा अभ्यास आला, त्यात एलडीएल, लायपोप्रोटीन (ए) आणि सीआरपी, एकदाच घेतलेल्या रक्तातल्या या तीन आकड्यांवरून पुढच्या ३० वर्षांची जोखीम दिसत होती.

पैसे देण्याआधी बिलावरचं टेस्टचं पूर्ण नाव वाचा, कंस आहे का बघा.

माझा मुलगा सतराचा आहे, त्याची परीक्षा संपली की त्या काकांकडेच नेणार आहे. फॉर्म मी भरणार.