भरतीची पोरगी आणि बर्फाची पिशवी

कराडच्या आसपास पोलीस भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडम्या बऱ्याच आहेत. पहाटे माळावर पळणारी पोरं-पोरी हे इथलं रोजचं चित्र. त्यामुळे माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नडगी दुखणारे, गुडघा धरणारे, पाय मुरगळलेले पेशंट वर्षभर येत असतात. त्यातल्या एका सोमवारची गोष्ट मी नव्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते, कारण मुरगळलेल्या पायाला बर्फ लावून आराम द्यायचा की त्याची हालचाल करायची, या वादाच्या दोन्ही बाजू त्या एकाच सकाळी माझ्यासमोर येऊन बसल्या होत्या.

पहिली आली ती विशीतली मुलगी, वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून. तीन आठवड्यांपूर्वी 800 मीटरचा सराव करताना खड्ड्यात पाय पडला आणि घोटा आतल्या बाजूला मुरगळला. एक्स-रे काढला होता, हाड शाबूत होतं. "ग्राउंड सहा आठवड्यांवर आलंय मॅडम," वडील भरतीच्या मैदानी चाचणीबद्दल म्हणाले, "आणि पोरीला धड चालता येईना. अकॅडमीच्या सरांनी सांगितलं ते सगळं केलं आम्ही. दिवसातनं चार-पाच वेळा बर्फ. पाय खाली टेकूच दिला नाही."

मी क्रेप बँडेज सोडलं. बाहेरच्या घोट्याखाली कातडीवर तांबडा-काळपट चौकोनी डाग होता, कडेला पापुद्रे सुटलेले. फ्रीजमधली बर्फाची पिशवी मधे कापड न घालता बांधून ती झोपी जायची. बर्फाने कातडी भाजते हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. डागाला हात लावला तर तिला नीट कळतही नव्हतं. सूज होती, पण फार नाही. माझं लक्ष गेलं ते पोटरीकडे. दोन्ही पाय शेजारी ठेवल्यावर उजवी पोटरी डोळ्यांनाच बारीक दिसत होती. रोज पळणाऱ्या मुलीची पोटरी!

तिला भिंतीसमोर उभं केलं. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती मागे नेता येतो ते मोजायचं, अशी साधी चाचणी आहे. डाव्या पायाला 11 सेंटीमीटर जमले. उजव्याला 4. मग एका पायावर उभं राहायला सांगितलं. डाव्यावर ती अर्धा मिनिट निवांत उभी राहिली. उजवा पाय टेकताच तिने श्वास रोखला, माझं मनगट घट्ट पकडलं आणि दोन-तीन सेकंदांत पाय उचलला. "दुखलं?" मी विचारलं. ती थोडं थांबून म्हणाली, "दुखलं नाही मॅडम. परत मुरगळंल असं वाटलं."

तिच्या या वाक्यापुढे मला एक्स-रेची फिल्म दुय्यम वाटली. घोट्याच्या बाहेरून पुढे जाणारा जो अस्थिबंध (हाडांना जोडणारा पट्टा, लिगामेंट) अशा मुरगळण्यात सर्वांत आधी ताणला जातो, तो तोवर बऱ्यापैकी सांधला होता. पाय ओढून पाहिला तेव्हा सांधा फारसा सैल लागला नाही. अडकलं होतं ते बाकीचं सगळं. सांधा आखडलेला, पोटरी वाळलेली, आणि पाऊल जमिनीवर कसं पडतंय याची मेंदूला मिळणारी खबर मंदावलेली. मुरगळलेला पाय पुन्हापुन्हा मुरगळतो, त्यामागे हेच मोठं कारण असतं.

तिच्या अकॅडमीच्या सरांनी सांगितलं ते त्यांच्या मनाचं नव्हतं. अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी 1978 मध्ये विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं ही चौकडी एका पुस्तकात मांडली आणि ती जगभरच्या मैदानांवर पोचली. पुढे याच मर्किन यांनी स्वतःहून लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. आपल्याच नावाने जगभर चाललेला सल्ला मागे घ्यायला मोठं मन लागतं. पण पहिला सल्ला जितका पसरला, तितकी ही दुरुस्ती पसरली नाही.

वडिलांना मी कागदावर घोटा काढून दाखवला. मुरगळलं की आत बारीक रक्तवाहिन्या फुटतात, सूज येते, आणि त्या सुजेबरोबर साफसफाई करणाऱ्या पेशी येतात. फाटलेलं उचलून नेणं आणि नवीन धागे विणायला सुरुवात करणं हे त्यांचं काम. नवे धागे आधी गवताच्या भाऱ्यासारखे आडवेतिडवे पडतात. त्यांच्यावर बेताचा ताण आला की ते ताणाच्या दिशेने सरळ होतात, घट्ट होतात. ताण आलाच नाही तर तसेच राहतात. बर्फाने नसा बधिर होतात, ठणका कमी होतो, म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत त्याचा उपयोग आहे. बर्फाने सांधणं मंदावतं का, याचे पुरावे मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांतले आहेत, म्हणून मी त्या बाबतीत छातीठोक बोलत नाही. पण बर्फाने अस्थिबंध जुळतो, असं मात्र कुणी दाखवलेलं नाही.

हालचालीच्या बाजूने पुरावा चांगला आहे. बेलफास्टमधल्या ब्लीकली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2010 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. घोटा मुरगळल्यावर पहिल्याच आठवड्यात व्यायाम सुरू केलेल्यांचं चालणं-वावरणं पहिल्या दोन आठवड्यांत विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा चांगलं होतं, आणि त्यांची सूज किंवा दुखणं वाढलं नव्हतं. मी वडिलांना एवढंच सांगितलं, "दादा, पाय टेकवल्याने बिघडणार नाही. न टेकवल्यानं बिघडलाय."

घरी आजी आंबेहळदीचा गरम लेप लावून चोळायच्या मागे लागली होती आणि त्यावरून घरात रोज वाद व्हायचा, हेही कळलं. पहिल्या दिवसांत गरम शेक आणि रगडून मालिश नकोच, आत रक्त साकळलेलं असतं. आता तीन आठवड्यांनी कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायला हरकत नव्हती. मात्र डागावरची कातडी बरी होईपर्यंत तिथे बर्फही नको, शेकही नको आणि लेपही नको.

व्यायाम तिथेच सुरू केला. पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी काढायची, खुर्चीला धरून टाचा उचलायच्या, दारात उभं राहून आधी जमिनीवर आणि मग घडी घातलेल्या गोधडीवर एका पायाने तोल सांभाळायचा. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, दुसऱ्या सकाळपर्यंत ते निवलं पाहिजे. निवलं नाही तर त्या दिवशीचा डोस कमी करायचा. "क" काढताना ती पहिल्यांदा हसली. जाताना ती वडिलांच्या खांद्याला न धरता गेली, लंगडत, पण पूर्ण पाऊल टेकवत. ग्राउंडला ती पळाली. वेळ तिच्या जुन्या वेळेपेक्षा थोडी जास्त लागली, पण पाय टिकला.

ती बाहेर पडते न पडते तोच एसटीतले एक वाहक आत आले. त्यांचं उलटं झालं होतं. चार दिवसांपूर्वी गाडीतून उतरताना पाय वळला. मोबाइलवर कुणीतरी सांगत होतं की बर्फ जुना झाला, दुखलं तरी चालत राहा. ते दात-ओठ खात चार दिवस ड्यूटी करत राहिले. करंगळीच्या मागे पावलाच्या बाहेरच्या कडेला एक उंचवटा असतो, त्यावर मी बोट ठेवलं आणि ते खुर्चीतून उठलेच. मी व्यायामाचा शब्दही काढला नाही. एक्स-रेला पाठवलं. पाय आत वळताना तिथला स्नायू हाडाचा तुकडा ओढून काढतो, तसंच झालं होतं. हाडतज्ज्ञांनी पाऊल जखडून ठेवणारा बूट दिला आणि चालण्यावर बंधन घातलं. हालचाल औषध आहे म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो इथे. आधी हाड बघा की!

संध्याकाळी मी मुलीच्या अकॅडमीच्या सरांना फोन केला. ते नाराज होतील असं वाटलं होतं, पण त्यांनी थेट विचारलं, "मग मैदानावरची बर्फाची पेटी काढून टाकू का?" ठेवा म्हटलं. पहिल्या दिवशी ठणका असेल तर ओल्या कापडात गुंडाळून दहा मिनिटं, मग काढायचा. बर्फाने बधिर केलेल्या पायावर त्याच दिवशी पुन्हा पळवायचं नाही. बर्फ लावण्याआधी घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड, टोकापासून वर सहा सेंटीमीटरपर्यंत, बोटाने दाबून बघायची. मग पावलाच्या आतल्या बाजूचं वर आलेलं हाड आणि बाहेरच्या कडेचा तो उंचवटा. यातलं काही दाबून दुखलं किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. कॅनडातल्या ओटावामध्ये 1992 साली बसवलेले हे नियम आहेत, आणि ते शिकायला डॉक्टर असावं लागत नाही. सर म्हणाले, "थांबा मॅडम, पेन आणतो." मग मी पुन्हा पहिल्यापासून, सावकाश सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलं.