येऊरच्या डोंगरात औषधं ओळखताना

आषाढ संपत आला की ठाण्याच्या जांभळी नाक्यावर सकाळी लवकर जावं. येऊरच्या पाड्यांवरून, शहापूर-मुरबाडकडून बायका टोपल्या घेऊन येतात आणि फुटपाथवर फडकं पसरून भारंगी, कुर्डू, करटोली, टाकळा मांडतात. तिथेच एका वारली आजींशी माझी ओळख झाली. भाजी घेता घेता मी पानं उलटून पाहायची, नावं विचारायची. एकदा त्या म्हणाल्या, "टोपलीत काय बघतंस, डोंगरात ये, उभं झाड दाखवतं."

दिव्यांच्या अवसेच्या आधीच्या रविवारी मी गेले. स्टेशनवरून रिक्षाने उपवन तलाव, आणि तिथून पुढे घाटाचा रस्ता पायी. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग. सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या या जंगलाच्या पश्चिमेला बोरिवली, पूर्वेला आपलं ठाणं. राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने इथलं पानही तोडता येत नाही. आम्ही परवानगी घेतली, पाहिलं, वास घेतला आणि सगळं होतं तिथेच ठेवलं. आजींसोबत त्यांची नातही होती, आठवीतली. आजी जे सांगायच्या ते ती पुन्हा मला नीट समजावून सांगायची.

सर्वांत जास्त वेळ गेला कुड्यापाशी. आव पडली, रक्ताचे जुलाब लागले की कुड्याची साल, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. तिच्यातलं कोनेसिन नावाचं द्रव्य अमिबाच्या आवेवर आधुनिक वैद्यकानेही वापरून पाहिलेलं आहे. पण डोंगरात पांढरा कुडा असतो, काळाही असतो. दोघांची पानं समोरासमोर, दोघांनाही पांढरा चीक. पान बघून मी दोनदा चुकीचं झाड दाखवलं. आजींनी मला झाडाखाली उभं केलं आणि वर बघायला लावलं. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा जोडीने लोंबतात, पण एकमेकींपासून सुट्या. काळ्याच्या कोवळ्या शेंगांची जोडी खाली टोकाशी चिकटलेली. पांढऱ्याचं बी म्हणजे कडू इंद्रजव, काळ्याचं गोडं. साल काढून बाजारात आणली की हा फरक जवळजवळ संपतो, कोणाला काही कळत नाही. नात म्हणाली, "म्हणून आजी दुकानातली साल घेत नाही."

वनौषधींबद्दल आपण बोलतो तेव्हा कशावर काय हे पाठ करतो. कुठलं झाड, कुठला अवयव, कोणत्या ऋतूतला, किती, हे चार प्रश्न सुटल्याशिवाय त्या पाठांतराला काही किंमत नाही, असं मला त्या झाडाखाली फार तीव्रतेने वाटलं.

गुळवेलीचंच बघा. करोनाच्या काळात सोसायट्यांच्या कुंपणांवरची गुळवेल लोकांनी ओरबाडून नेली आणि रोज काढा प्यायले. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. गुळवेलीसारखीच दिसणारी, त्याच कुळातली दुसरी वेल वापरली गेली असावी, असं त्यांचं म्हणणं. वाद तज्ज्ञांचा आहे, पण दोन वेली आहेत हे खरं. येऊरला एका ऐनावर चढलेली गुळवेल आजींनी दाखवली. हृदयाच्या आकाराचं पान दोघींनाही असतं, त्याचा उपयोग नाही. खोड बघायचं. खऱ्या गुळवेलीची साल कागदासारखी पातळ सुटते आणि आत हिरवं दिसतं. दुसरीच्या खोडावर चामखिळीसारख्या गाठी असतात. तापात खऱ्या गुळवेलीचा काढा आणि कांड कुटून, पाण्यात भिजवून, तळाशी बसलेलं पांढरं सत्त्व, हे दोन्ही पाड्यावर अजून करतात. तरीही ज्यांना यकृताचा त्रास आहे किंवा इतर औषधं चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हे मी कळकळीने सांगते.

पुढे वळणावर कळलावी फुलली होती. पिवळ्यातून लाल होत जाणाऱ्या वर वळलेल्या पाकळ्या, आणि पानांची टोकं तंतूसारखी वळून शेजारच्या झुडपाला धरून राहिलेली. नातीने हात मागे घेतला. अडलेल्या बाळंतिणीच्या तळव्यांना हिच्या कंदाचा लेप सुईणी लावत. पोटात मात्र हा कंद जाता कामा नये. त्यातल्या कोल्चिसिनने माणूस दगावतो, आणि तेच कोल्चिसिन मोजून दिलं तर संधिवाताच्या एका प्रकारात, गाउटमध्ये, डॉक्टर वापरतात. "आमच्यात सगळ्यांना नाही शिकवत हिचं," आजी एवढंच म्हणाल्या. मला ते पटलं.

फोडशी बघून मात्र मन भरून आलं. लांब गवतासारखी पानं, पावसाच्या सुरुवातीला भाजी करतात ती. तिच्याच कुळातल्या सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात बोरिवली आहे, ही गोष्ट ठाण्यात फार कमी जणांना माहीत असते. सेंट झेवियर्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाऊ आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी तिला हे नाव दिलं. जगभर शक्तिवर्धक म्हणून विकली जाणारी ही मुळी आपल्या डोंगरापलीकडच्या गावाचं नाव घेऊन फिरते. रानात ती आता विरळ झाली, कारण मुळी उपटली की झाडच जातं. हल्ली तिची शेती होते, ते बरंच आहे.

मुरुडशेंगेला लाल फुलं होती, आणि वरच्या फांदीवर गेल्या वर्षीच्या दोन वाळक्या, पिळलेल्या शेंगा. आमच्या घरी बाळगुटीत ती असायचीच, पोटातल्या मुरड्यावर. उतरल्यावर मी मुद्दाम जांभळी नाक्याजवळच्या एका काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन बाळगुटीची पुडी सोडून पाहिली. मुरुडशेंग आणि बेहडा आपल्या डोंगरातले. अतिविष हिमालयातलं. ज्येष्ठमध इराण-अफगाणिस्तानकडून येणारं. मायफळ तर फळच नाही. इराण-तुर्कस्तानकडच्या ओक झाडावर एका गांधिलमाशीसारख्या किड्यामुळे येणारी गाठ. काकडशिंगीही तशीच कीटकामुळे आलेली. ठाण्यातल्या आज्यांच्या सहाणेवर किती लांबचे मुलूख उगाळले जात होते! (पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. माझ्या बहिणीने तेच केलं, आणि आईने एका शब्दाने विरोध केला नाही.)

त्याच दुकानात वावडिंग मागितलं तर दोन प्रकारचे दाणे निघाले. दोन्ही वावडिंगच, दोन वेगळ्या जातींचे, आणि बाजारात एकाच्या जागी दुसरं सर्रास जातं. दुकानदाराने ते प्रामाणिकपणे सांगितलं, म्हणून मी विचारायची हिंमत ठेवा म्हणते.

जायचं असेल तर पाऊस जरा उघडल्यावर जा, प्रवेशाबद्दल वनखात्याकडे आधी चौकशी करा, आणि पाड्यावरच्या कोणाला सोबत घेतलंत तर दिवसाची मजुरी द्या. ही माहिती त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आहे. तोडू काहीच नका. भाजी हवी तर सकाळी नाक्यावर त्यांच्याकडूनच घ्या, घासाघीस न करता. मी भारंगी आणली होती. कडू असते, म्हणून पानं चिरून उकडायची, पाणी पिळून टाकायचं, मग भरपूर लसूण, कांदा आणि भिजवलेली मूगडाळ घालून परतायची. आजी मुगाऐवजी वाल घालतात. पुढच्या खेपेला तसं करून बघणार आहे.