नकाशावरची आगाऊ रेघ

साध्या झेरॉक्सवर काळी रेघ उमटली तर गिऱ्हाईक "चालतंय वहिनी" म्हणतं, पैसे ठेवतं आणि जातं. बांधकामाच्या नकाशाला ते चालत नाही. ए-झिरो कागद म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ गेली की ती कुणाला भिंत वाटते, कुणाला प्लॉटची हद्द. मंजुरीची फाईल घेऊन निघालेले इंजिनिअर साहेब अशी प्रत हातातही धरत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

आमचं दुकान साताऱ्यात, पोवई नाक्याजवळ. मोठ्या मशीनचा मेकॅनिक पुण्याहून येतो, म्हणून फोन लावायच्या आधी रेघ कुठली ते मीच शोधते. आजूबाजूचे सगळे एकच सांगतात, टोनर (शाईची पूड) बदला. टोनर महाग, आणि असल्या रेघेशी त्याचा बहुतेक वेळा काही संबंध नसतो.

आधी पेनड्राइव्हवरची पीडीएफ थेट प्रिंट करायची. ती स्वच्छ आली आणि कॉपीवरच रेघ दिसली, तर दोष स्कॅनरचा. आमच्या मशीनमध्ये मूळ नकाशा काचेवरून सरकत जातो, काच जागची हलत नाही. त्यामुळे काचेवरचा मोहरीएवढा ठिपकासुद्धा नकाशाभर लांब रेघ होऊन उतरतो. शंका असेल तर नकाशा दोन-तीन इंच बाजूला सरकवून पुन्हा घालायचा. रेघ आधी जिन्यावरून जात होती आणि आता स्वयंपाकघरातून जायला लागली, तर काच पुसायला घ्या. जिन्यावरच राहिली, तर ती मूळ नकाशातच आहे.

आमच्याकडे हा ठिपका बहुधा व्हाइटनरचा निघतो. घाईघाईत दुरुस्ती करायची आणि ओला नकाशा तसाच आमच्याकडे आणायचा, ही साऱ्यांचीच सवय. मऊ कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसलं की निघतो. थिनर नको, ब्लेड तर मुळीच नको.

प्रिंटवरही रेघ असेल तर तिचा रंग बघायचा. बारीक पांढरी रेघ असेल तर एलईडी हेडवर, म्हणजे उजेडानं चित्र उमटवणाऱ्या दिव्यांच्या पट्टीवर, धूळ असण्याची शक्यता जास्त. काळपट, कडा फुटलेला पट्टा असेल तर चार्ज वायर (आतली वीजभार देणारी बारीक तार) मळलेली असू शकते. बोट फिरवल्यावर शाईच निघत असेल, तर आधी मशीनमध्ये कागदाचा प्रकार कोणता निवडलाय ते पाहा. टोनर वितळून चिकटायला ट्रेसिंग, जाड आणि साधा कागद यांना लागणारी उष्णता वेगवेगळी असते.

पावसाळ्याचं तंत्रच निराळं. जुलै-ऑगस्टात यवतेश्वरचा डोंगर धुक्यात जातो आणि इकडे कागदाचा रोल ओल धरतो. ओलसर कागदावर टोनर नीट उतरत नाही. रोलच्या कडा आधी दमट होतात, म्हणून मधला भाग ठसठशीत आणि दोन्ही बाजू फिक्या दिसतात. अशा वेळी मशीनला हात लावू नका, प्लॅस्टिकमधला कोरडा रोल चढवून बघा. काही मशीनमध्ये रोलजवळ हीटर असतो. मशीन बंद असलं तरी प्लग चालू असेल तर तो चालतो. पण आपल्याकडे शटर ओढताना मेन स्विच पाडल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही.

ठराविक अंतरावर तोच डाग पुन्हा पुन्हा येत असेल, तर पट्टी काढायची. डागांमधलं अंतर म्हणजे दोषी रोलरचा घेर. ज्यावर चित्र तयार होतं तो ड्रम ६० मिलिमीटर व्यासाचा असेल तर साधारण १८८ मिलिमीटर. तुमच्या ड्रमचा व्यास मेकॅनिककडून विचारून घ्या आणि झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. ड्रम स्वतः उघडून बघायचा मोह मात्र आवरा. त्याला उजेड सोसत नाही आणि बोटांचे ठसेही.

फोनवर "रेघ येतीय हो दादा" एवढंच मी सांगत नाही. "दर १८८ ला डाग, कॉपीवर आणि प्रिंटवरही" असं ऐकलं की दादा पुण्याहून निघतानाच ड्रम गाडीत टाकतात.