बीपीचं मशीन आणि आमचे मामा

कंपनीत वेलनेस प्रोग्रॅम चालू होणार असा मेल आला तेव्हा आम्ही सगळे हसलोच. सातारा एमआयडीसीत एवढी वर्षं काढली, अशा मेलचं पुढं काय होतं ते माहितीय. २१ जूनला चटया टाकून योगा, साहेबांचा फोटो, ग्रुपवर पन्नास अंगठे, विषय संपला. पहिल्या महिन्यात झालंही तसंच, खोटं कशाला बोलू.

पण मग एचआरच्या मॅडमनी फर्स्ट-एडच्या खोलीत बीपीचं मशीन आणून ठेवलं, दर सोमवारी शिफ्ट सुटली की ज्याला पाहिजे त्यानं मोजून घ्यायचं. आमच्या शॉपमधले एक मामा, वय बावन्न, लेथवर जन्म गेलेला, दंडाला पट्टा बांधून घ्यायलाच तयार नाहीत, म्हणे मला काय धाड भरलीय. दोघांनी धरून बसवलं तर आकडा आला १७२/१०४. मामा म्हणाले मशीन बिघडलंय. मग माझं मोजलं, १२८/८२, परत त्यांचं लावलं तर १६८, मग मात्र गप्प बसले. बीपीचं हेच वाईट, १४०/९० च्या वर गेलं तरी माणसाला काही कळत नाही, डोकं जड झालं की चहा मारायचा आणि परत मशीनवर, आणि एक दिवस अंगावरनं वारं जातं.

गंमत म्हणजे मामांचा पगार २१ हजाराच्या आतला, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू, त्यांच्या पगारातनं ०.७५ टक्के कापतात, कंपनी ३.२५ टक्के भरते, आणि कार्ड कुठंय तेच मामांना माहीत नाही. मामींनी ट्रंकेतनं शोधून काढलं. आता गोळी चालू आहे.

कॅन्टीनमध्ये टेबलावरची मिठाची बरणी उचलली तेव्हा दोन दिवस नुसती बोंबाबोंब. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणतात, म्हणजे जेमतेम एक चमचा, आमच्या ताटात लोणचं आणि खर्ड्यातच तेवढं जातं.

मालकाला काय फायदा, असं आमच्या अकाउंटवाल्यानं विचारलंच. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठानं आपल्याच जवळपास ५ हजार कर्मचाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून हे तपासलं होतं, पहिल्या वर्षात दवाखान्याच्या खर्चात काही फरक पडला नाही, तपासणी करून घेणारे मात्र वाढले. मला विचाराल तर तेवढंच पुरे आहे, मामांचं तरी तेवढ्यानंच भागलं.

एक गोष्ट मात्र खटकते. रविवारी अजिंक्यताऱ्यावर ट्रेक असतो त्याला सगळा ऑफिसचाच स्टाफ (खाली आल्यावर मिसळ हाणतात ते सोडा), नाईट करून आलेला माणूस गड कशाला चढतोय. आणि ठेकेदाराच्या पोरांना सुरुवातीला मशीनपाशी कुणी बोलवलंच नव्हतं, मॅडमशी भांडावं लागलं.

आता सोमवारी मशीनपाशी मामाच बसतात. परवा एका नव्या पोराला पट्टा बांधत होते, "हात ढिला सोड रे, आन मधी बोलू नको, आकडा चुकतो."